टीव्ही कडा का खातो?

दोस्तांनो, लॅपटॉप टीव्हीला जोडायचा म्हणजे काय मोठंसं? एचडीएमआयची वायर घ्यायची, एक टोक इकडे खुपसायचं, दुसरं तिकडे. झालं! तुमचा शाळेचा प्रकल्प मोठ्या पडद्यावर हजर. पण जरा खाली बघा बरं. कोपऱ्यातलं घड्याळ कुठे गेलं? खालची पट्टी अर्धीच कशी दिसतेय? आणि तक्त्यातला शेवटचा रकाना, 'एकूण' असं लिहिलेला? तो तर गायबच! लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी आहे, टीव्हीवर मात्र चारी बाजूंनी कात्री चाललीय.

मग घरात चर्चा सुरू होते. आजोबा म्हणतात वायर खराब, बाबा म्हणतात लॅपटॉप जुना झाला, ताई म्हणते टीव्हीच बिघडलाय. तुम्ही मात्र नवी वायर आणायला धावू नका. वायर खराब असली तर चित्र लुकलुकतं, ठिपके उडतात, नाही तर काहीच दिसत नाही. वायर काही मोजूनमापून कडा कापत बसत नाही. इथे बिघडलेलं कुणीच नाही. टीव्ही आपली एक जुनी सवय पाळतोय, इतकंच.

ही सवय लागली ती पाठीला मोठं पोट असलेल्या जुन्या टीव्हींच्या काळात. त्या टीव्हीत काचेची एक मोठी नळी असायची. तिच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि पुढच्या काचेवर ओळीमागून ओळ ओढत चित्र काढी. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ ओळी असत. हा झोत कुठवर जाणार, हे विजेवर आणि आतल्या भागांवर अवलंबून. विजेचा दाब खाली-वर झाला की चित्र आक्रसायचं नाही तर फुगायचं. टीव्ही जुना होत गेला, आतले भाग थकले, की पुन्हा तेच. टीव्हीशेजारी 'स्टॅबिलायझर' नावाचा एक डबा कशाला असायचा, ते आई-बाबांना विचारा!

आता चित्र आक्रसलं की कडेला काळी फट दिसणार. गिऱ्हाईक तक्रार करणार. म्हणून कारखानदारांनी एक नामी युक्ती काढली. चित्र मुळातच चौकटीपेक्षा थोडं मोठं काढायचं, म्हणजे ते थोडंफार आक्रसलं तरी चौकट भरलेलीच राहील. कडेचा भाग चौकटीमागे लपायचा, तो लपू दे. या युक्तीचं नाव 'ओव्हरस्कॅन'. कडा जाणार हे टीव्हीच्या केंद्रांनाही ठाऊक होतं. म्हणून ती मंडळी अक्षरं मधल्या ८० टक्के भागातच ठेवत आणि महत्त्वाच्या हालचाली मधल्या ९० टक्के भागात. त्यामुळे बातम्या देणाऱ्याचं नाव कधी कापलं गेलं नाही आणि लपलेल्या कडेचा कुणाला पत्ताही लागला नाही.

सपाट टीव्ही आले आणि हे सारं बदललं. इथे झोत नाही, नळी नाही. पडद्यावर ठिपके बसवलेले आहेत, आडवे १९२० आणि उभे १०८०. लॅपटॉपही तेवढेच ठिपके पाठवतो. एकाला एक, जागच्या जागी. मोठं करण्याची गरजच उरली नाही! तरीही कित्येक टीव्ही आजही आलेलं चित्र थोडं फुगवतात आणि कडा कापतात. समजा, प्रत्येक बाजूची अडीच टक्के कड गेली. वरवर बघता क्षुल्लकच. पण हिशोब करा. डावी-उजवीकडून ४८-४८ ठिपके गेले, वरून-खालून २७-२७. विंडोजची खालची पट्टी लहानात लहान मापाला ४०-४८ ठिपक्यांची असते. म्हणजे अर्धी पट्टी कापली गेली की हो! सिनेमात झाडाची फांदी कापली गेली तर कुणाला कळत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र सगळी महत्त्वाची बटणं कडेलाच बसलेली असतात.

तेव्हा औषध टीव्हीला द्यायचं. रिमोट घ्या, सेटिंग्जमध्ये जा, चित्राचा विभाग उघडा आणि चित्राचा आकार ठरवण्याची जागा शोधा. प्रत्येक कंपनीने तिथे आपापलं बारसं केलंय! सॅमसंगच्या टीव्हीत 'फिट टू स्क्रीन' नाही तर 'स्क्रीन फिट' सापडेल, एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल'. काही टीव्हींत सरळ 'ओव्हरस्कॅन' असंच लिहिलेलं असतं, तिथे ते बंद करायचं. नावं वेगळी, अर्थ एकच: आलं तसं दाखव. काही टीव्हींत तर त्या एचडीएमआय जोडणीचं नाव बदलून 'पीसी' केलं, की समोर संगणक आहे हे टीव्हीला कळतं आणि तो आपोआप शहाण्यासारखा वागू लागतो.

ठीक बसलं की नाही, हे नजरेच्या अंदाजाने ठरवू नका. एक परीक्षा-चित्र बनवा. पेंटमध्ये १९२० बाय १०८० मापाचा कागद घ्या. अगदी कडेला चारही बाजूंनी लाल रेघ ओढा. मध्ये शिफ्टचं बटण दाबून एक मोठं वर्तुळ काढा. आता हे चित्र पूर्ण पडदाभर उघडा. चारही लाल रेघा दिसल्या तर कडा शाबूत. आणि वर्तुळ? ते गोलच दिसायला हवं. कार्यक्रम नसायचे तेव्हा टीव्हीची केंद्रंही अशीच परीक्षा-चित्रं दाखवत, आणि त्यांतही बहुधा मधोमध एक मोठं वर्तुळ असायचं.

वर्तुळाचं अंडं झालं असेल तर तो निराळा आजार. जुना टीव्ही ४ला ३ या प्रमाणात होता, आताचा १६ला ९. (गंमत पाहा, ४ गुणिले ४ म्हणजे १६ आणि ३ गुणिले ३ म्हणजे ९!) चारास तीनचं चित्र ओढूनताणून नव्या पडद्यावर बसवलं, तर ते एक तृतीयांशाने रुंद होतं. चौरसाचा आयत होतो, महाराष्ट्राचा नकाशा जाडजूड होतो. भूमितीचा धडा अशा पडद्यावर शिकलात तर धन्यच! रिमोटवर 'वाइड' किंवा 'स्ट्रेच' निवडलेलं असेल, तर ते काढून '१६:९' किंवा 'ओरिजिनल' करा.

कडेच्या काळ्या पट्ट्यांना मात्र उगाच घाबरू नका. 'संत तुकाराम' हा प्रभातचा १९३६ सालचा चित्रपट लावलात, तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येणारच, कारण त्या काळची चौकटच जवळजवळ ४ला ३ होती. पट्ट्या दिसताहेत म्हणजे चित्र पूर्ण आणि खरं दिसतंय. 'पडदा भरत नाही' म्हणून ते झूम करणारे काकालोक असतात. तुकारामांच्या पगडीचा वरचा भाग कापला जातो, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

पट्ट्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपलाच येत असतील, तर गोष्ट वेगळी. बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १६ला १० असतो, टीव्हीपेक्षा थोडा उंच. दोन्हीकडे तेच चित्र दाखवायचं ठरवलं, की कुणा एकाला पडतं घ्यावं लागतं. अशा वेळी विंडोजचं बटण आणि पी ही दोन बटणं एकदम दाबा. समोर चार पर्याय येतील. त्यातला 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा. लॅपटॉपचा पडदा मिटेल आणि टीव्हीला त्याच्या मापाचं चित्र मिळेल.

कडा बरोबर, वर्तुळ गोल, तरी अक्षरं धुरकट? मग टीव्हीच्या खोक्यावर 'एचडी रेडी' लिहिलंय का बघा. आपल्याकडच्या कितीतरी ३२ इंची टीव्हींचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. वायर जोडताच लॅपटॉप टीव्हीला विचारतो, 'काय काय चालेल तुला?' टीव्ही आपली यादी पाठवतो आणि तीत १०८०सुद्धा असतं. बढाईच म्हणा ना! मग १०८० ओळी ७६८ ओळींत कोंबल्या जातात, म्हणजे साधारण सात ओळींचा मजकूर पाच ओळींत. सिनेमाला ते खपतं, बारीक अक्षरांना नाही. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १३६६ बाय ७६८ मिळतंय का ते पाहा. नसेल तर अक्षरं मोठी करा, तेवढाच आराम डोळ्यांना.

आणि टीव्ही शाळेच्या सभागृहातला असेल, रिमोट कार्यालयाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असेल तर? लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये बहुधा चित्र लहान करण्याची सरकपट्टी असते. ती सरकवून चित्र आक्रसवलं, की हरवलेल्या कडा आत येतात. पण हा तात्पुरता उपाय. कारण लॅपटॉप आधी चित्र लहान करतो, टीव्ही ते पुन्हा फुगवतो, आणि या ओढाताणीत अक्षरांची धार जाते. त्यापेक्षा परक्या टीव्हीवर प्रकल्प दाखवायचा असेल, तर केंद्रवाल्यांचीच युक्ती वापरा. प्रत्येक पानाच्या चारही बाजूंना दहा-दहा टक्के जागा मोकळी सोडा आणि 'एकूण'चा रकाना त्या रेघेच्या आत घ्या. मग टीव्हीने कडा खाल्ली, तर खाऊ दे बापडा!