आधी हात लागलेलं बघा!

गाडीचे प्लग हल्ली यूट्यूब बघून घरच्या घरी बदलता येतात. छानच! पण नंतर इंजिन रुसलं तर नवा आजार शोधू नका, काल जिथे हात घातला तिथेच बघा.

परवा मित्राबरोबर मुंबईहून तलासरीला निघाले होते. प्लग त्याने आदल्या रात्रीच बदललेले. मनोरपर्यंत सगळं ओके. चारोटीच्या अलीकडे गाडी आचके द्यायला लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. "पेट्रोलच भेसळीचं," मित्र म्हणाला. (बिचारा पंपवाला!) तलासरीपर्यंत ओढू, हा त्याचा बेत मी हाणून पाडला. कारण हा दिवा नुसता पेटला तर हळू जाता येतं, लुकलुकला तर थांबायचंच. एका सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापून खराब होतो आणि प्लगच्या कितीतरी पट खर्च बसतो.

गाडी कडेला घेतली. नाक्यावरच्या मेकॅनिकने आल्या आल्या विचारलं, "शेवटचं काय खोललेलं, दादा?" एका कॉइलचा कनेक्टर 'टिक' न होता नुसता टेकवलेला होता. दाबला, इंजिन शांत!

तिथे सगळं ठीक असेल तर एअर फिल्टरच्या पाइपची क्लिप आणि प्लग नीट आवळलेत का ते बघा, पण इंजिन गार झाल्यावरच. नॅशनल हायवेवर अडकलात तर १०३३ लावा. दुरुस्तीनंतरही दिवा लगेच विझत नाही, दोन-चार फेऱ्या नीट झाल्या की जातो.