सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण ग्राहकव्यवहार

सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण ग्राहकव्यवहार विसाव्या शतकात धान्याच्या देवघेवीकडून रोख पैशाकडे आणि पुढे मोबाईलवरील देयकांकडे वळला. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग जुन्या सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

बलुते व आठवडी बाजार

सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आदी बलुतेदारांना कामाचा मोबदला सुगीत धान्यरूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. गावच्या स्वयंपूर्णतेचा पुरावा म्हणून तिचा गौरव केला जातो; परंतु खळ्यावर माप शेतकऱ्याच्या हाती असे, हे विसरता येत नाही. महार व मांग कुटुंबांना तर घासाघीस करण्यास वावच नव्हता.

मीठ, कापड, बांगड्या यांसाठी आठवडी बाजार होता. स्त्रिया अंडी, कोंबड्या, तूप घेऊन जात व आलेल्या पैशांतून तेल-मिठाची गरज भागवीत. हा पैसा लहान असला तरी बहुधा त्यांच्याच गाठीला राही. धान्य शेर-पायलीने मोजले जाई. १९५७ मध्ये नवे पैसे आले, त्यानंतर किलोग्रॅमही आला. पायली हा शब्द मात्र बोलण्यात टिकून राहिला.

मनीऑर्डर

पाटण, जावळी, माण, खटाव या भागांतील अनेक पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामास होते. त्यांच्या मनीऑर्डरीवर घरचे वाणसामान, शाळेचा खर्च व सावकाराचे हप्ते चालत. दुकानदारही त्याच भरवशावर उधारी लिहून ठेवी. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने हा ओघ आटला आणि अनेक कामगार कायमचे गावी परतले. विटा, खानापूर व आटपाडी परिसरातील गलाई कारागीर मात्र सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर विखुरले. त्यांच्या कमाईतून या दुष्काळी टापूत पक्की घरे उभी राहिली.

ऊस, दुष्काळ आणि ताट

कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने आले आणि खरेदीला उसाच्या बिलाचे वेळापत्रक लागले. बिल हप्त्यांनी मिळते. त्यातून सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते होते आणि उरलेल्या रकमेवर लग्न, दागिने, मोटारसायकल यांचे बेत ठरतात. सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळू लागली, तसा गुळाचा चहा मागे पडला.

पूर्वेकडील कोरडवाहू तालुक्यांचे चित्र निराळे होते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. ती लोकांच्या जिभेला रुचली नाही, पण तिने अनेकांना जगवले. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेने मजुरी रोखीत आणली, तीही स्त्री-पुरुषांना समान दराने. पुढे रेशनचा गहू घरोघरी पोहोचला. पूर्वी सणावारी होणारी पोळी रोजच्या ताटात आली आणि ज्वारी-बाजरीची भाकरी, जी गरिबाचे अन्न समजली जाई, ती आज शहरी भोजनगृहांत मागवून खाल्ली जाते.

नोटाबंदीनंतर

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या. त्यानंतर आठवड्याच्या आतच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. या दोन जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर याच बँकांतून होत असल्याने ही झळ अधिक तीव्र होती.

त्याच वर्षी सुरू झालेली यूपीआय प्रणाली आता बाजारातील भाजीच्या पाटीपर्यंत पोहोचली आहे. सुट्या पैशांची अडचण तिने दूर केली. मात्र पाटीवरील संकेतचौकोन मुलाच्या किंवा पतीच्या खात्याशी जोडलेला असेल, तर विक्रीची रक्कम विकणारीच्या हाती येतच नाही. अंडी-तुपाचा पैसा पदराच्या गाठीत तरी राहत असे.