घर समुद्रावर, पण झेंडे कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने सुट्टीच्या घरांच्या भाड्यावर साडेसात टक्के लेव्ही (कर) लावली, त्याची कुरकुर मेलबर्नच्या मराठी घरांत अजून ऐकू येते. १ जानेवारी २०२५ पासून २८ दिवसांच्या आतल्या मुक्कामांना ती लागू झाली. तिकडचा नाताळ म्हणजे ऐन उन्हाळा, शाळांना सुट्टी, त्यामुळे भाडी एरवीही चढलेलीच. तरी भारतातून आलेले आईबाबा धरून सात-आठ माणसं झाली की हॉटेलपेक्षा घर बरं वाटतं. कुकर नेता येतो, आजोबांना पहाटेचा चहा मिळतो, एस्कीत, म्हणजे तिकडच्या बर्फाच्या पेटीत, कैरीचं पन्हं गार राहतं.

माझी तक्रार लेव्हीबद्दल नाही, फोटोंबद्दल आहे. जाहिरातीत गच्ची दिसते, बार्बेक्यू दिसतो, समोर निळं पाणी दिसतं. ते पाणी कोणतं, हे मात्र फोटोवरून कळत नाही.

मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर हा प्रश्न फारच खरा आहे. सोरेन्टो, राय, पोर्टसी या गावांना दोन-दोन किनारे. ‘फ्रंट बीच’ पोर्ट फिलिप उपसागराकडे, बराचसा शांत. ‘बॅक बीच’ थेट बास सामुद्रधुनीकडे. मधे गाडीने काही मिनिटांचं अंतर, पण पाण्याची जातच वेगळी. पोर्टसीजवळच्या शेविअट बीचवर १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट पोहायला उतरले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. गडी पट्टीचा पोहणारा होता. (मेलबर्नने पुढे त्यांचं नाव एका जलतरण तलावालाच दिलं. काय म्हणावं!)

अशा किनाऱ्यांवरून आत नेणारी समुद्राची ओढ, म्हणजे ‘रिप’, समजून घ्यायची तर रॉब ब्रँडर यांच्याकडे जावं. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले हे किनारा-शास्त्रज्ञ तिकडे ‘डॉक्टर रिप’ म्हणून ओळखले जातात. ते समुद्रात जांभळा रंग ओततात आणि जमलेल्या लोकांना बघायला सांगतात. रंगाचा पट्टा किनाऱ्याकडून सरळ आत धावत सुटतो. कारण साधं आहे: वाळूच्या दांड्यांवरून लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटतात, ते पाणी दोन दांड्यांमधल्या खोल घळीतून परत जातं. घळ खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही. म्हणून ती जागा गडद, हिरवट आणि शांत दिसते. आणि आपण ‘इथे लाटा कमी आहेत’ म्हणून लेकरांना घेऊन नेमके तिथेच उतरतो!

जोर वाढला की ही ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते. ती माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. जीव जातो तो घाबरून उलट्या दिशेने हातपाय मारून दमल्यामुळे. ब्रँडर आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या अंगावर जीपीएस बांधून त्यांना मुद्दाम रिपमध्ये सोडलं. तरंगत राहणं आणि किनाऱ्याला समांतर पोहणं, यांपैकी कोणताच उपाय दर वेळी चालत नाही, हे त्यातून दिसलं. मला हा प्रामाणिकपणा फलकांवरच्या ठाम सूचनांपेक्षा जास्त पटतो. तरंगा, हात वर करा, हाका मारा. पण हात कुणाला तरी दिसला पाहिजे, आणि तो बघायला लाल-पिवळ्या झेंड्यांपाशी जीवरक्षक असतात. झेंडे नसतील तिथे कोणीच नसतं. जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्ह्ज इथे एका भारतीय कुटुंबातली चार माणसं गेली, त्या किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हते. २०१६ च्या फेब्रुवारीत आपल्या मुरूडला पुण्याच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, ते आपण इतक्यात विसरलो?

तेव्हा घराचे पैसे भरण्याआधी जवळच्या किनाऱ्याचं नाव सर्फ लाइफ सेव्हिंग ऑस्ट्रेलियाच्या ‘बीचसेफ’वर टाकून बघा. तिथे झेंडे कधी आणि किती वाजेपर्यंत असतात, ते दिसतं. आणि आईबाबांच्या फोनमध्ये मदतीचा क्रमांक घालून ठेवा: तीन शून्यं, ०००.