कोईचा हौद, धाराशिवच्या उन्हात

नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात लोक लोटतात ते बोरी नदीवरचा बंधारा पाहायला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. नदी भरली की ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालात माणूस कोरडा उभा राहतो. पाणी अडवणाऱ्याने ते बाहेर कुठून जाणार हे आधी ठरवले होते. अंगणात माशांचा हौद बांधणाऱ्यानेही पहिला विचार हाच करावा. प्रत्यक्षात आधी ठरतो तो फरशीचा रंग आणि कारंजे. मग अडीच फूट खोल, तळाला पांढरे गोटे घातलेला हौद तयार होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाणी हिरवेगार होऊन मासे उलटे तरंगू लागतात.

कोई हा नाजूक मासा नाही. जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ खेड्यांत भात पिकवणारे शेतकरी हिवाळ्यात खायला म्हणून कार्प मासा पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यात तांबडी-पांढरी पिल्ले दिसू लागली, ती त्यांनी निवडून वाढवली, आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती मांडली गेल्यावर त्यांची कीर्ती गावाबाहेर गेली. आपल्याकडे कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर शेततळ्यात सोडतात तो सायप्रिनस कोईच्याच जातकुळीतला. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा नीट जगला तर दोन फुटांपर्यंत वाढतो आणि वीस-पंचवीस वर्षे सोबत करतो. हौद बांधायचा तो त्या मोठ्या माशासाठी.

म्हणून हिशेब आधी मांडू. बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि पाच फूट पाणी म्हणजे साधारण साडेतेरा हजार लिटर. एका वाढलेल्या माशाला हजार लिटर धरले, तर या हौदात बारा मासे सुखाने राहतील. खोलीबाबत तडजोड नको. थंड देशांत खोली लागते ती बर्फासाठी, आपल्याला लागते ती उन्हासाठी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उथळ पाणी दुपारपर्यंत तापते. पाच फुटांचा साठा हळू तापतो आणि हळू निवतो. भिंती सरळ उभ्या ठेवाव्यात. उतरती कड असली की बगळ्याला पाय टेकायला जागा मिळते. घरात लहान मूल असेल तर कठडा किंवा जाळी हवीच.

बालाघाटच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी हात-दोन हात खणले की मुरूम लागतो. तिथे काम सोपे. सखल भागातली काळी माती मात्र ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात बांधलेली विटांची भिंत दोन-तीन वर्षांत तडकते. अशा जागी माती काढून मुरूम भरून दाबावा आणि तळ व भिंती सळई घालून काँक्रीटच्या कराव्यात. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद सहज मिळतो, म्हणून तोच अंथरण्याचा मोह होतो. पण तो ताठ असतो; लहान हौदाच्या कोपऱ्यांत त्याला घड्या पडतात आणि घड्यांत घाण अडकते. अस्तरच करायचे तर लवचिक रबरी पत्रा घ्यावा. काँक्रीटला पुरते पाणी मारून झाल्यावरही हौद अनेकदा भरून रिकामा करावा लागतो, कारण नव्या सिमेंटचा चुना पाण्याचा सामू चढवतो.

आता मुख्य गोष्ट. तळाला सगळीकडून मध्याकडे उतार द्यावा आणि मध्यभागी चार इंची पाइपाचा तळ-निचरा बसवावा. विष्ठा आणि उरलेले खाद्य तिथून आपल्या वजनाने बाहेर पडते आणि शेजारच्या, हौदाच्याच पातळीवर बांधलेल्या टाकीत येते. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो. पुढच्या कप्प्यात जाळ्या, ब्रश किंवा प्लास्टिकचे सच्छिद्र तुकडे असतात. त्यांवर वाढणारे जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पंप बसतो सर्वांत शेवटी, स्वच्छ पाण्यात. तो हौदाच्या तळाशी ठेवला तर घाण दळून पाण्यात मिसळते आणि गाळणीच्या हाती काहीच लागत नाही. साडेतेरा हजार लिटर पाणी दोन तासांत एकदा तरी गाळणीतून फिरले पाहिजे, म्हणजे ताशी सात हजार लिटरचा पंप. परतीच्या पाण्याचे तोंड भिंतीला तिरके लावले की सगळे पाणी गोल फिरते आणि कचरा आपोआप मध्यावर गोळा होतो. हे साधले असेल तर तळाला गोट्यांची गरज उरत नाही. दिसायला सुंदर, पण घाण धरून ठेवायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही.

बोअरच्या पाण्याचा सामू आपल्या बेसाल्टच्या भागात पुष्कळदा आठच्या आसपास असतो. त्यातल्या क्षारांमुळे सामू स्थिर राहतो आणि गाळणीतल्या जिवाणूंनाही ते मानवते. पण सामू सातवरून आठ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो, आणि पाणी वीस अंशांवरून तिसावर गेले की तो आणखी दुप्पट. त्यातच तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू पंधरा अंशांच्या पाण्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी मावतो. मे महिन्यात मासे एका रात्रीत मरतात त्याचे कारण हे. त्यामुळे हवेचा पंप चोवीस तास चालू हवा आणि तो इन्व्हर्टरवर जोडलेला हवा, कारण वीज जायला पहाटेची वेळही चालते आणि प्राणवायू सर्वांत कमी असतो तोही पहाटेच. नळाचे पाणी घालणार असाल तर त्यातले क्लोरीन आधी काढावे. माशांचे कल्ले आणि गाळणीतले जिवाणू दोन्ही त्याने जळतात.

दुष्काळी जिल्ह्यात हे शोभते का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. मे महिन्यात उघड्या हौदातून रोज सेंटीमीटरभर पाणी उडाले तर आपल्या हौदाचे नव्वद लिटर गेले. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हणजे आणखी साडेतेराशे. पण ते बदललेले पाणी वाया जात नाही. नायट्रेट असलेले ते पाणी लिंबाला, शेवग्याला, कढीपत्त्याला खतासारखे लागू पडते. एरवी झाडांना दिलेच असते ते पाणी आधी हौदातून जाते, इतकेच. शेडनेट घातली की ऊनही अडते आणि उडणारे पाणीही वाचते. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-सांड वजा जाता चव्वेचाळीस हजार लिटर पाणी मिळते, वर्षाच्या गरजेच्या जवळपास निम्मे. छताची पन्हाळ आणि साठवण टाकी हौदाच्या नकाशातच काढावी. ज्या गल्लीत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे मात्र कोई पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोदाईला दिवाळीनंतरचा काळ चांगला: पाऊस संपलेला असतो आणि बांधकामाला उन्हाचा त्रास नसतो. संक्रांतीपर्यंत हौद भरून गाळणी सुरू केली तरी ती पिकायला पाच-सहा आठवडे जातात. तोवर चार-पाच इंचांचे तीनच मासे सोडावेत, आणि पाण्यातला अमोनिया व नायट्राइट बाजारात मिळणाऱ्या चाचणी-संचाने तपासत राहावे. दोन्ही शून्यावर टिकले की एकेक मासा वाढवावा. नवा आलेला प्रत्येक मासा आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. कोई विणीला आले की पिल्ले भरमसाट होतात. ती ओळखीच्या हौदवाल्यांना द्यावीत, पण नदीत, पाझर तलावात किंवा गावच्या बारवेत सोडू नयेत. हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या मूळ माशांची अंडीही खातो.