कोलोरॅडो किती, रिओ ग्रांदे किती

२३३०, १३८७ आणि साधारण ११००. तिन्ही आकडे किलोमीटरचे आणि तिन्ही कोलोरॅडो नदीच्या लांबीचे. पहिली कोलोरॅडो अमेरिकेत रॉकी पर्वतात उगम पावते आणि मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. दुसरी उभा जन्म टेक्सस राज्यातच काढते आणि ऑस्टिन शहरातून वाहत मॅटागोर्डा उपसागराला मिळते. तिसरी अर्जेंटिनातली. अँडीजमधून निघून ती अटलांटिकला जाते. त्यांचा एकमेकींशी संबंध फक्त नावापुरता. कोलोरॅडो म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबूस, आणि स्पॅनिश लोकांनी तिन्ही ठिकाणी हेच नाव ठेवलं.

स्पेन आणि पोर्तुगालच्या माणसांनी जगभर हेच केलं. नद्यांना रंगावरून किंवा आकारावरून नावं दिली, गावांना संतांची, सणांची किंवा आपल्या मागे राहिलेल्या शहरांची. स्पेनमधलं मेरिदा रोमनांनी इसवी सनापूर्वी २५मध्ये वसवलं. मेक्सिकोतलं मेरिदा १५४२चं आणि व्हेनेझुएलातलं १५५८चं. शहरांच्या बाबतीत अशी जंत्री पाच मिनिटांत होते. नद्यांची गोष्ट वेगळी आहे. नदीचं नाव कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, यावर कधी राज्याची हद्द, कधी पाण्याचा हक्क, तर कधी दोन देशांची सीमा अवलंबून असते. म्हणून इथे आकडे बारकाईनं पाहावे लागतात.

पहिल्या कोलोरॅडोचे २३३० किलोमीटर कायम २३३० नव्हते. १९२१च्या जुलैपर्यंत ही नदी सुमारे ५६० किलोमीटरनं तोकडी होती. कोलोरॅडो राज्यातून येणाऱ्या प्रवाहाला तेव्हा ‘ग्रँड’ नदी म्हणत. ती यूटा राज्यात ग्रीन नदीला मिळे आणि त्या संगमापासून पुढे ‘कोलोरॅडो’ हे नाव लागे. म्हणजे १८६१मध्ये ज्या प्रदेशाला कोलोरॅडो नाव दिलं आणि जो १८७६मध्ये राज्य झाला, त्यात कोलोरॅडो नावाची ही नदी नकाशावर नव्हतीच. राज्याचे काँग्रेस सदस्य एडवर्ड टेलर यांनी हे बदलायचा चंग बांधला आणि २५ जुलै १९२१ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या ठरावानं ग्रँडची कोलोरॅडो झाली. ग्रँड लेक, ग्रँड काउंटी, ग्रँड जंक्शन ही नावं मात्र अजून तशीच आहेत.

यूटा, वायोमिंग आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खातं यांचा या बदलाला विरोध होता आणि त्यांच्या हातात आकडे होते. ग्रीन नदी सुमारे ११७५ किलोमीटर लांब, म्हणजे ग्रँडच्या दुप्पट. पाणलोट क्षेत्रही जवळपास पावणेदोन पट. लांबीचा निकष लावला तर मुख्य प्रवाह ग्रीनचा, आणि कोलोरॅडोचा उगम वायोमिंगमध्ये. टेलर यांनी तिसराच आकडा पुढे केला. संगमावर येणारं जास्त पाणी ग्रँडचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही खरंच होतं. लांबी, पाणलोट आणि प्रवाह या तीन मापांतलं कुठलं मानायचं, याचं उत्तर भूगोलात नाही. ते सभागृहात मिळालं. मला हा सगळा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या वेळेमुळे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९२२मध्ये, सांता फे इथे सात राज्यांनी या नदीचं पाणी वाटून घेतलं. नदी आपल्या नावाची असणं आणि तिचा उगम आपल्या हद्दीत असणं, याचं वजन अशा वेळी कळतं.

त्या कराराचे आकडे आपल्याकडच्या टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मांडले तर डोळ्यांसमोर येतात. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला तेवढंच. म्हणजे प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी. १९४४च्या करारानं मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट, म्हणजे ६५ टीएमसी. एकूण बेरीज ७१९ टीएमसीच्या घरात. कोयना धरण काठोकाठ भरलं तर १०५ टीएमसी होतं. तशी जवळपास सात धरणं. पण वाटप ठरलं तेव्हाची मोजणी नेमकी ओल्या वर्षांची होती. २०००नंतर नदीचा नैसर्गिक प्रवाह वर्षाला सरासरी ५४० टीएमसीच्या आसपास राहिला आहे. वरच्या खोऱ्यातली राज्यं आपला पूर्ण वाटा उचलत नाहीत, म्हणून हिशेब आजवर कसाबसा निभावला. तरीही १९६०च्या दशकानंतर ही नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. २३ मार्च २०१४ला सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्याचे दरवाजे मुद्दाम उघडले आणि आठ आठवड्यांत सुमारे साडेचार टीएमसी पाणी खाली सोडलं, तेव्हा कोरड्या पात्रात लोक नदी बघायला जमले. मे महिन्यात ते पाणी समुद्राला टेकलं. ६५ टीएमसीचा हक्क असलेल्या देशात साडेचार टीएमसी नदीसाठी म्हणून सोडणं ही बातमी झाली, यातच या नदीची सारी अवस्था आली.

नावातला रंगही आता पहिल्यासारखा उरलेला नाही. १९६३मध्ये २१६ मीटर उंचीचं ग्लेन कॅन्यन धरण पाणी अडवायला लागलं आणि तांबडा गाळ मागच्या जलाशयात बसू लागला. धरणाच्या खाली, ग्रँड कॅन्यनकडे जाणारं पाणी आता बहुतांश काळ थंडगार आणि हिरवट असतं. एखाद्या उपनदीला पूर आला की तेवढ्यापुरता जुना रंग परत येतो.

अर्जेंटिनातल्या कोलोरॅडोवर पाच प्रांतांचा हक्क आहे: मेंदोसा, नेउकेन, ला पाम्पा, रिओ नेग्रो आणि ब्वेनोस आयरेस. त्यांनी १९७६मध्ये करार करून एक संयुक्त समिती नेमली. ही कोलोरॅडो बनते दोन नद्यांच्या संगमातून, आणि त्यातल्या एकीचं नाव रिओ ग्रांदे, म्हणजे शब्दशः मोठी नदी. अमेरिकेतली ग्रँड आणि इथली ग्रांदे, दोघींची पुढे कोलोरॅडो व्हावी, हा निव्वळ योगायोग आहे; पण नावांचा साठा किती तुटपुंजा होता हे त्यातून दिसतं. या ग्रांदेवर मोठं धरण बांधायचा मेंदोसाचा बेत होता आणि खालच्या ला पाम्पानं त्याला कडाडून विरोध केला. वरचे अडवतात, खालचे ओरडतात. कृष्णा आणि कावेरीच्या लवादांच्या बातम्या वाचलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता रिओ ग्रांदे. जगात या नावाच्या नद्या, गावं आणि प्रांत ढिगानं आहेत. त्यातली सर्वांत प्रसिद्ध ती अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरची. लांबी सुमारे ३०५० किलोमीटर, पाणलोट क्षेत्र ४ लाख ७० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. १८४८च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहानं ती सीमा ठरली आणि आज सुमारे २००० किलोमीटर तीच सीमा आहे. मेक्सिकोत तिला रिओ ब्राव्हो म्हणतात. तहाच्या मसुद्यातच दोन्ही नावं घातली होती, म्हणून तिथे नावावरून भांडण झालं नाही. भांडण झालं पात्रावरून. एल पासो शहरापाशी नदी दक्षिणेकडे सरकत गेली आणि सुमारे ६०० एकर जमीन नदीच्या अमेरिकी काठाला आली. १९११मध्ये लवाद बसला, त्याचा निवाडा अमेरिकेनं मानला नाही, आणि शेवटी १९६३मध्ये तडजोड झाली. त्यानंतर तिथे नदीला काँक्रीटच्या पात्रात बसवलं, म्हणजे पुन्हा सरकायला नको.

ब्राझीलमध्येही रिओ ग्रांदे आहे. मिनास जेराइस राज्याच्या डोंगरात निघून ती परानाईबाला मिळते आणि दोघींची पराना होते. लांबी १३०० किलोमीटरच्या थोडी वर, पाणलोट सुमारे १ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर. लांबीत सीमेवरच्या रिओ ग्रांदेच्या निम्म्याहून कमी, पाणलोटात तिच्या एक तृतीयांशाहून कमी. पण पाणी कित्येक पट जास्त, कारण ती पावसाच्या मुलखातली. तिच्यावरचं फुर्नास केंद्र १२१६ मेगावॉटचं, मारिंबोंदो १४४० मेगावॉटचं. याउलट सीमेवरची रिओ ग्रांदे २००१च्या सुरुवातीला मुखापर्यंत पोचलीच नाही. तोंडावर वाळूचा बांध साचला. एल पासोच्या खाली ती जवळजवळ आटते आणि मेक्सिकोतून येणारी कोंचोस नदी तिला पुन्हा उभी करते. १९४४च्या करारानुसार मेक्सिकोनं त्या बाजूच्या उपनद्यांतून वर्षाला सरासरी ३ लाख ५० हजार एकर-फूट, म्हणजे १५ टीएमसी, अमेरिकेला द्यायचे आहेत. सप्टेंबर २०२०मध्ये चिवावा राज्यातल्या शेतकऱ्यांनी कोंचोसवरच्या ला बोकिया धरणाचा ताबा घेतला. आमचं पाणी खाली सोडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दुष्काळात १५ टीएमसी हा किती मोठा आकडा असतो, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

ब्राझीलच्या दोन राज्यांच्या नावांत रिओ ग्रांदे आहे आणि दोन्हीकडे ती मिनास जेराइसची नदी नाही. रिओ ग्रांदे दो नोर्ते, लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत ३३ लाख, नाव पोतेंजी नदीवरून. रिओ ग्रांदे दो सुल, लोकसंख्या १ कोटी ९ लाख, नाव चक्क एका खाजणाच्या तोंडावरून. लागोआ दोस पातोस नावाचं सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचं खाजण एका अरुंद मुखानं समुद्राला मिळतं. पोर्तुगीज खलाशांना ती मोठी नदी वाटली आणि १७३७मध्ये तिथे वसवलेल्या गावालाही तेच नाव पडलं. ही जुनी गैरसमजूत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मे २०२४च्या पुरात पोर्तो आलेग्रे शहरात, याच खाजणाला मिळणाऱ्या ग्वाइबाची पातळी ५ मीटरच्या वर गेली. आधीचा उच्चांक १९४१चा होता, ४.७६ मीटर. राज्यात १८०हून जास्त माणसं गेली. साऱ्या नद्यांचं ते पाणी ज्या खाजणात उतरलं, त्याला समुद्राकडे जायला वाट एकच, एक किलोमीटरहूनही अरुंद. जिला खलाशी नदी समजले तीच.

ब्राझीलनं नावांच्या या गर्दीवर कायदा करून पाहिला. १९४३च्या हुकुमानं एकच नाव दोन शहरांना ठेवायला मनाई केली. तरी आज साडेपाच हजारांहून जास्त नगरपालिकांत बोम जेझुस नावाच्या पाच आहेत आणि साओ दोमिंगोस नावाच्याही पाच. (जुन्या गोव्यातलं बोम जेझुस आपल्याला ठाऊक आहेच, त्या चर्चचा अभिषेक १६०५चा.) गोंधळाची किंमत किती असते याचं उदाहरण रिओ ब्रांको. अॅमेझॉनच्या उत्तरेला रिओ ब्रांको नावाची नदी आहे, आणि १९४३मध्ये तिच्या नावाचा केंद्रशासित प्रदेश केला गेला. पण रिओ ब्रांको शहर आहे आक्रे राज्यात, आक्रे नदीच्या काठी, त्या प्रदेशाच्या राजधानीपासून हवाई अंतरानं सुमारे सोळाशे किलोमीटरवर. मुंबई ते कोलकाता जवळपास एवढंच पडतं. शहराला ते नाव मिळालं परराष्ट्रमंत्री बॅरन ऑफ रिओ ब्रांको यांच्यावरून, कारण १९०३च्या तहानं आक्रे बोलिव्हियाकडून ब्राझीलला मिळवून देणारे तेच. शेवटी १९६२मध्ये प्रदेशाचं नाव बदलून रोराइमा केलं. नदी होती तिथून नाव गेलं, आणि नदी नव्हती तिथे राहिलं.

पोर्तुगीज नावांची ही वाट आपल्या दारावरूनही गेली आहे. सासष्ट गावांचा मुलूख म्हणून पडलेलं सासष्टी हे नाव त्यांनी दोन ठिकाणी जवळपास एकाच स्पेलिंगनं लिहिलं, मुंबईजवळच्या साष्टी बेटासाठी आणि दक्षिण गोव्यातल्या तालुक्यासाठी. साष्टी मराठ्यांनी १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेत जिंकली. गोव्यातली सासष्टी १९६१पर्यंत पोर्तुगालकडे राहिली. सांताक्रूझही असंच दुहेरी: एक मुंबईत, एक पणजीजवळ, जिथलं जुनं नाव कालापूर. बोलिव्हियातला सांता क्रूझ विभाग ३ लाख ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या ३ लाख ८ हजारांहून मोठा, आणि २०१२च्या जनगणनेत तिथे माणसं होती २६ लाख ५५ हजार.

सांता क्रूझ नावाच्या नद्यांतही अशीच तफावत आहे. पॅटागोनियातली सुमारे ३८५ किलोमीटरची, हिमनद्यांनी भरणाऱ्या लागो अर्जेंतिनोतून निघून बारमाही वाहणारी. १८३४मध्ये जहाजाचे कप्तान फिट्झरॉय आणि डार्विन होड्या ओढत तिच्या उलट्या दिशेनं गेले होते आणि शिधा कमी पडला म्हणून सरोवर न बघता परतले. दुसरी अॅरिझोनातली, सुमारे २९६ किलोमीटरची. ती अमेरिकेत उगम पावते, दक्षिणेला मेक्सिकोत शिरते, वळसा घेऊन परत अमेरिकेत येते आणि ट्यूसॉन शहरातून जाते. ट्यूसॉनमध्ये वर्षाला सरासरी २७० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेनं २६ जुलै २००५च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजला, तेव्हा कुलाब्यात ७३ होता. म्हणजे आमच्या सांताक्रूझच्या एका दिवसात त्या सांता क्रूझकाठची साडेतीन वर्षं मावली. भूजल उपसून उपसून ट्यूसॉनमधलं तिचं पात्र विसाव्या शतकात कोरडं पडलं. जून २०१९पासून महापालिका तिथे शुद्ध केलेलं सांडपाणी सोडते, दिवसाला एक कोटी लिटरपर्यंत, आणि तेवढ्या पाण्यावर शहराच्या मध्यभागी पुन्हा लव्हाळी आणि झुडपं वाढू लागली आहेत.