चौदाव्या वर्षाची टोपी

मी शाळेत असताना सातवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "गुरुजी, परग्रहावरून कोणी पृथ्वीवर चाल करून आलेले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मग तसल्या गोष्टी लिहायच्या कशाला आणि वाचायच्या तरी कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर अशाच एका गोष्टीच्या आधाराने द्यावे असे मला वाटते. कारण तिचे नायक जवळजवळ तुमच्याच वयाचे आहेत.

सॅम यूड नावाचे एक इंग्रज लेखक होऊन गेले. 'जॉन ख्रिस्तोफर' हे त्यांचे टोपणनाव. १९६७ व १९६८ या दोन वर्षांत त्यांच्या तीन किशोर-कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : 'द व्हाइट माउंटन्स', 'द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड' आणि 'द पूल ऑफ फायर'. तिन्ही मिळून एकच कथा होते.

या कथेतील पृथ्वी परग्रहवासीयांनी जिंकून घेतली आहे, आणि त्या घटनेला कित्येक पिढ्या लोटल्या आहेत. मोठमोठी शहरे ओसाड पडली आहेत. आगगाडीचे रूळ कोठे कोठे शिल्लक आहेत, पण त्यांवरील डबे घोडे ओढतात! माणसे खेड्यांत राहतात, शेती करतात, सणवार साजरे करतात. अधूनमधून क्षितिजावर एक प्रचंड यंत्र दिसते : तीन लांबलांब धातूचे पाय आणि वर घुमटासारखे डोके. हे त्रिपाद यंत्र. जेत्यांचे राज्य या यंत्रांच्या द्वारे चालते. परंतु आश्चर्य असे, की लोक त्यांना भीत नाहीत. उलट भक्तिभावाने मान लववितात.

असे का व्हावे? याचे उत्तर एका टोपीत आहे. मूल चौदा वर्षांचे झाले, की गावात समारंभ होतो. त्याचे डोके भादरले जाते. त्रिपाद येतो, त्याला आपल्या पोटात उचलून घेतो आणि काही वेळाने परत आणून सोडतो. तेव्हा त्याच्या डोक्यावर धातूच्या बारीक जाळीची टोपी बसविलेली असते. ती कवटीशी एकजीव झालेली असते, त्यामुळे जन्मभर निघत नाही. त्या क्षणापासून त्याच्या मनात त्रिपादांविषयी शंका उद्भवतच नाही. आपल्या भाषेत 'टोपी घालणे' म्हणजे फसविणे. येथे तर सगळ्या मानवजातीलाच टोपी घातलेली आहे, आणि तीही वाजतगाजत!

तेरा वर्षांचा विल पार्कर हा या कथेचा नायक. वयाने थोडा मोठा असलेला जॅक हा त्याचा जिवलग मित्र. टोपी बसण्यापूर्वी जॅक नाना प्रश्न विचारी. पूर्वीच्या माणसांनी एवढी मोठी शहरे कशी बांधली असतील? टोपी नसती तर काय झाले असते? मग जॅकची पाळी आली. तो परतला तेव्हा पूर्वीपेक्षा शांत आणि समाधानी दिसत होता. पण त्याचे प्रश्न मात्र संपले होते. ते सारे पोरकटपणाचे होते, असे तो म्हणू लागला. मित्र समोर उभा आहे आणि तरीही तो हरवला आहे, ही जाणीव विलला अस्वस्थ करते. विलच्या वडिलांजवळ मनगटावर बांधावयाचे एक जुने घड्याळ आहे. तसले घड्याळ आता कोणालाच घडविता येत नाही. त्या चिमुकल्या यंत्राकडे पाहताना विलच्या मनात येते, की ज्यांनी हे घडविले त्यांची बुद्धी गेली कोठे?

पुढे एक भटक्या त्याला भेटतो. त्याच्या डोक्यावरची टोपी खोटी असते. दूर दक्षिणेस, शुभ्र पर्वतांत, काही स्वतंत्र माणसे राहतात, असे तो गुपचूप सांगतो. हे पर्वत म्हणजे आल्प्स. विल आणि त्याचा चुलत भाऊ हेन्री घर सोडून निघतात. समुद्र ओलांडून ते फ्रान्समध्ये पोहोचतात. तेथे त्यांना झाँ-पॉल भेटतो. इंग्रज मुलांच्या कानांना ते नाव 'बीनपोल' असे ऐकू येते. बीनपोल म्हणजे वेल चढविण्याची काठी. मुलगा उंच व काटकुळा असल्यामुळे तेच नाव त्याला चिकटते. या मुलाची नजर अधू होती. काचेच्या भिंगातून वस्तू मोठी दिसते हे त्याने पाहिले, विचार केला आणि स्वतःच्या हातांनी चष्मा बनविला. ज्या जगात कोणी विचार करीत नाही, तेथे हा चष्मा म्हणजे केवढे मोठे बंड!

वाटेत संकटे अनेक येतात. पण सर्वांत मोठे संकट त्रिपादाच्या रूपाने येत नाही, तर सुखाच्या रूपाने येते. तापाने आजारी पडलेल्या विलला एका गढीतील सरदार कुटुंब आश्रय देते आणि पुत्रवत् वागविते. उंची वस्त्रे, घोडदौड, माणसांची माया, सारे त्याला मिळते. त्या घरची एलोईज ही मुलगी त्याची मैत्रीण होते. येथेच राहावे आणि घ्यावी टोपी घालून, असे त्याला वाटू लागते. एवढ्यात एलोईजची उत्सवाची राणी म्हणून निवड होते. तिला आता त्रिपादांच्या नगरीत सेवेसाठी जावयाचे असते. ती ही वार्ता अत्यंत आनंदाने सांगते, कारण तिच्या डोक्यावर टोपी केव्हाच बसलेली आहे. तिचा तो आनंद पाहून विलचे डोळे उघडतात. जो आनंद नाकारण्याची मुभा नाही, तो आपला कसा म्हणावा?

मुले अखेर पर्वतात पोहोचतात. पुढच्या दोन पुस्तकांत स्वतंत्र माणसे परग्रहवासीयांचा पराभव करतात. मद्याने हे 'धनी' निपचित पडतात, हे पकडून आणलेल्या एका धन्याच्या निरीक्षणावरून समजते. त्या ज्ञानाच्या बळावर त्यांची दोन नगरे पडतात. तिसऱ्या नगरासाठी हेन्रीला प्राण द्यावे लागतात. पण लेखक येथे थांबत नाहीत. स्वतंत्र झालेली राष्ट्रे लगेच आपसांत भांडू लागतात. तेव्हा विल व त्याचे मित्र माणसांना एकत्र आणण्याच्या त्याहूनही अवघड कामाला लागतात. टोपी होती तेव्हा लढाया नव्हत्या. आता टोपी नको आणि लढायाही नकोत!

परग्रहवासीयांच्या स्वारीच्या कथा त्यापूर्वीही होत्या. एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' ही कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत मंगळावरचे प्राणी तीन पायांच्या यंत्रांत बसून इंग्लंडवर चालून येतात. तोफा त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात, पण पृथ्वीवरील सूक्ष्म जंतू त्यांचा नाश करतात. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांचा कसा संहार केला, याची आठवण वेल्स यांनी आरंभीच दिली आहे. आपण दुसऱ्यांशी जसे वागलो तसे कोणी आपल्याशी वागले तर? ज्या काळी भारतासह अनेक देश इंग्रजांच्या अमलाखाली होते, त्या काळी एका इंग्रज लेखकाने आपल्या वाचकांना हा प्रश्न विचारावा, ही लहान गोष्ट नव्हे.

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असल्याचा खात्रीचा पुरावा अद्याप सापडलेला नाही. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशालाही तेथून येथवर येण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. तेव्हा रात्री आकाशाकडे पाहून दचकण्याचे कारण नाही.

मग अशा गोष्टी कशासाठी? 'असे झाले तर?' हा प्रश्न विचारण्यासाठी. शास्त्रज्ञही प्रयोगापूर्वी हाच प्रश्न विचारतो. जॉन ख्रिस्तोफर यांनी १९८८ साली या कथेचा पूर्वभाग लिहिला. तीत त्रिपादांनी माणसांना प्रथम शस्त्रांनी नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील एका मनोरंजक कार्यक्रमाने भुलविले, असे दाखविले आहे. माणसे हसत बसली आणि विचार करण्याचे विसरली. टोपी नेहमी धातूचीच असते असे नाही. सगळे म्हणतात म्हणून मान डोलावणे, 'का?' असे विचारण्याची लाज वाटणे, हीदेखील टोपीच. ती डोक्यावर आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : आज आपण कोणता प्रश्न विचारला, ते रात्री निजण्यापूर्वी आठवून पाहावे.

त्या दिवशी वर्गात उभे राहून गोष्टींवरच शंका घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, एवढे निश्चित.

स्वाध्याय

१. टोपी बसविल्यानंतर जॅकमध्ये कोणता बदल झाला?
२. 'सर्वांत मोठे संकट सुखाच्या रूपाने येते,' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. वेल्स यांनी टास्मानियाची आठवण का दिली असावी?
४. विलच्या जागी तुम्ही असता, तर गढीत राहिला असता की पर्वताकडे गेला असता? कारणे देऊन दहा ओळी लिहा.