‘सिन्स’ आणि ‘फॉर’

‘मी येथे दहा वर्षांपासून राहतो’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याचे इंग्रजी करताना मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या लेखणीतून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे उतरते, आणि त्यात दोन चुका होतात.

पहिली शब्दाची. आपले ‘पासून’ काळाचा आरंभही दाखविते आणि त्याची लांबीही. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. आरंभ सांगावयाचा तर ‘सिन्स’ : सिन्स मंडे, सिन्स १९४७. लांबी सांगावयाची तर ‘फॉर’ : फॉर थ्री डेज, फॉर टेन इयर्स.

दुसरी चूक क्रियापदाची. जे पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू आहे, त्यास आपण वर्तमानकाळ योजतो. इंग्रजीस तेथे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागते : ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स.’

हा भेद केवळ परीक्षेपुरता नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रजेच्या अर्जात ‘माय मदर वॉज इल फॉर टू मंथ्स’ असे लिहिले. ‘वॉज’मुळे आजार सरला असे समजून वरिष्ठांनी रजा नाकारली. माउली तर अजून अंथरुणावरच होती! तेथे ‘हॅज बीन’ हवे होते.

म्हणून लिहिण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावे : ‘केव्हापासून’ सांगावयाचे आहे की ‘किती काळ’? आणि गोष्ट अजून चालू आहे काय? एवढे ठरले, की लेखणी सहसा अडखळणार नाही.